‘रेसिप्रोकल’ टॅरिफ: एका शब्दाची उलटापालट, आणि अमेरिकेतला मतदार

२०२५ च्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीतल्या काकू चकल्या-अनारशांचा डबा घेऊन कुरियरवाल्याकडे गेल्या, लेक न्यू जर्सीला असते. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, काकू, आत काय काय आहे ते एकेक लिहा आणि पुढे डॉलरमधे किंमत टाका. आता घरी केलेल्या अनारशाची डॉलरमधे किंमत काय लिहिणार? त्याआधी ऑगस्टच्या शेवटी आपल्या पोस्टाने अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं होतं, ते ऑक्टोबरच्या मध्यावर कुठे परत सुरू झालं. कारण तिकडे ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलवरची ड्युटीमाफी २९ ऑगस्टपासून गेली. १०० डॉलरच्या आतली गिफ्ट कागदोपत्री माफच होती, पण बाकीच्यांची ड्युटी गोळा कोणी करायची आणि भरायची कुठे याचाच पत्ता नव्हता, मग विमानाने माल नेणारे सरळ नाही म्हणाले.

टॅरिफ, म्हणजे आयात मालावरची ड्युटी, कोण भरतं हे आपल्याला खरं तर शिकवायला नको. मुंबईत २०१७ पर्यंत जकात होती, मुलुंड किंवा दहिसरच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागायची, पावती फाटायची आणि ते पैसे शेवटी दुकानातल्या भावात निघायचे. नाशिकच्या शेतकऱ्याने मुंबई पालिकेला कर भरला असं कोणी म्हणत नव्हतं. अमेरिकेतही पैसे कस्टम्सला भरतो तो तिथला इम्पोर्टर. तो मग थोडं स्वतः सोसतो, थोडं पाठवणाऱ्याकडून भाव पाडून घेतो आणि उरलेलं गिऱ्हाइकावर घालतो. भांडण असतं ते कोणाच्या वाट्याला किती यावर. पण २०२४ च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात डोनाल्ड ट्रम्प यांनी सांगितलं ते असं की हे पैसे दुसरे देश भरणार, सगळ्या मालावर १० ते २० टक्के, चीनवर ६० टक्के, आणि महागाई मात्र खाली येणार. लोक तेव्हा अंड्यांच्या आणि घरभाड्याच्या भावाने वैतागलेले होते, त्यामुळे महागाई उतरणार एवढंच कानावर गेलं असावं असं मला वाटतं.

आता मुख्य घोळ, तो म्हणजे ‘रेसिप्रोकल’ हा शब्द. मराठी पेपरांनी याचं ‘परस्पर शुल्क’, ‘जशास तसे शुल्क’ असं काय काय केलं. २ एप्रिल २०२५ ला तात्यांनी (म्हणजे ट्रम्प, नेटवर आपल्याकडे सगळे त्यांना तात्याच म्हणतात) मोठा तक्ता हातात धरून दाखवला. डाव्या रकान्यात समोरचा देश आमच्यावर किती लावतो, उजव्यात आम्ही किती लावणार. भारतापुढे ५२ आणि २६, म्हणजे बघा, आम्ही निम्मंच लावतोय, किती सज्जन आहोत. आपल्याकडचे चॅनेलवाले दिवसभर भारत ५२ टक्के लावतो असंच वाचत होते.

हे ५२ आलं कुठून? भारताच्या कुठल्याही टॅरिफच्या पुस्तकातून नाही. २०२४ मधे अमेरिकेने भारताकडून साधारण ८७.४ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांची व्यापारी तूट होती ४५.७ अब्ज. तुटीला आयातीने भागा, येतात ५२ टक्के. त्याचं निम्मं केलं की २६. झालं. नंतर सरकारी खात्याने फॉर्म्युला छापला त्यात ग्रीक अक्षरं होती, लोकांना वाटलं काहीतरी गहन आहे, पण त्यातल्या दोन अक्षरांच्या किमती धरल्या होत्या ४ आणि ०.२५, म्हणजे गुणाकार एक, म्हणजे ती अक्षरं असली काय नसली काय सारखंच. शिवाय हिशेब फक्त मालाचा. सॉफ्टवेअर, बँकिंग, सिनेमे, शिक्षण या सेवा, जिथे अमेरिका जगाला दणकून विकते, त्या धरल्याच नाहीत. या हिशेबाने आमचा दूधवाला माझ्यावर १०० टक्के टॅरिफ लावतो, कारण मी रोज त्याच्याकडून दूध घेतो आणि तो माझ्याकडून काहीच घेत नाही.

बरं, जिथे अमेरिकेचीच विक्री जास्त आहे त्यांचं काय? त्यांनाही किमान १० टक्के लागलेच. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, ब्राझील सगळे त्यात. दक्षिण समुद्रातली पेंग्विनांची निर्मनुष्य बेटंसुद्धा त्या यादीत १० टक्क्यांवर होती. लेसोथोसारख्या गरीब देशाला ५०, कारण ते जीन्स आणि हिरे विकतात आणि अमेरिकेकडून विकत घ्यायला त्यांच्याकडे पैसे नाहीत.

एक मात्र मान्य करायला हवं, आपली ड्युटी तेव्हा कमी नव्हती. साधी सरासरी काढली तर १७ टक्क्यांच्या आसपास आणि शेतमालावर ३९ च्या आसपास. तक्रारीला जागा होती, तेवढा आकडा खरा दाखवला असता तरी चाललं असतं.

गंमत अशी की हाच शब्द अमेरिकेच्या कायद्यात १९३४ साली बरोबर उलट्या अर्थाने बसवलेला आहे. तेव्हाच्या ‘रेसिप्रोकल’ व्यापार करारांच्या कायद्याचा अर्थ होता तुम्ही ड्युटी उतरवा, आम्हीही उतरवतो. ते का करावं लागलं, तर १९२८ च्या प्रचारात शेतकऱ्यांना वचन दिलं होतं की परदेशी शेतमालावर टॅरिफ वाढवू. सुरुवातीला रोख मुख्यतः शेतमालावर होता, बिल संसदेतून बाहेर पडेपर्यंत प्रत्येकाने आपापल्या मतदारसंघातला कारखाना त्यात घुसवला. हजारावर अर्थतज्ज्ञांनी सह्या करून अध्यक्षांना बिलावर सही करू नका म्हणून सांगितलं, तरी जून १९३० मधे सही झालीच. कॅनडा आणि युरोपने उलटे टॅरिफ लावले आणि ज्या शेतकऱ्यासाठी हे सुरू झालं त्याचाच गहू पडून राहिला. महामंदी या कायद्यामुळे आली असं सरसकट म्हणतात ते चूक आहे, ती आधीच सुरू झाली होती, पण खड्डा खोल झाला हे खरं. ज्या दोघांच्या नावाने तो कायदा ओळखला जातो ते स्मूट आणि हॉली दोघंही १९३२ मधे आपापल्या जागा गमावून बसले.

त्याच्याही मागे जास्त जात नाही. १९१३ पर्यंत अमेरिकेत कायमचा इन्कम टॅक्स नव्हता, केंद्र सरकारच्या तिजोरीत मोठा वाटा कस्टम्सचाच असायचा. फक्त १८९० ची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तात्या ज्या अध्यक्ष मॅकिन्लींचं सारखं कौतुक करतात त्यांचीच ती आहे. तेव्हा ते खासदार होते आणि ड्युटी सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास नेणारा कायदा त्यांच्या नावाचा होता. त्यात पत्र्यावरची ड्युटीही वाढवलेली. निवडणूक आली तेव्हा विरोधकांनी म्हणे त्यांच्या मतदारसंघात फेरीवाले पाठवले, ते दारोदार पत्र्याचे मग आणि भांडी अव्वाच्या सव्वा भावाने विकायचे, आणि बाईने विचारलं एवढं महाग का तर सांगायचे, नवीन टॅरिफ आहे ना ताई. पक्ष आपटला आणि हे स्वतःही पडले. सहा वर्षांनी अध्यक्ष झाले तो भाग वेगळा. आणि सप्टेंबर १९०१ मधे बफेलोला शेवटच्या भाषणात त्यांनी सांगितलं की व्यापारयुद्धात फायदा नाही, ‘रेसिप्रॉसिटी’चे करार करा, म्हणजे परत तो उतरवण्याचाच अर्थ. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातच ते गेले. हे शेवटचं भाषण कौतुकाच्या वेळी कोणी काढत नाही.

टॅरिफचा परिणाम नीट मोजलेला मिळतो तो २०१८ चा. आयात वॉशिंग मशीनवर टॅरिफ लागला, किमती साधारण १२ टक्क्यांनी चढल्या, आणि ड्रायरवर टॅरिफ नसतानाही तो तेवढाच महागला कारण तिकडे लोक जोडी घेतात, दुकानदाराने दोन्हीवर वाटून टाकलं. १८०० च्या आसपास नोकऱ्या तयार झाल्या पण गिऱ्हाइकांनी जे जादा भरलं त्याचा भागाकार केला तर एका नोकरीला ८ लाख डॉलरच्या वर पडले. चीनने सोयाबीन घेणं कमी केलं, मग सरकारने दोन वर्षांत शेतकऱ्यांना २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. भारताची काही मालावरची ड्युटीमाफी जून २०१९ मधे काढली, त्याच महिन्यात आपण त्यांच्या बदाम, अक्रोड, सफरचंदावर जादा ड्युटी लावली.

मग मतदार चिडला का? इथेच सगळ्यांचे अंदाज चुकतात. नंतरच्या अभ्यासात दिसलं की टॅरिफने ज्या भागांना संरक्षण दिलं तिथे रोजगार म्हणावा तसा वाढला नाही, उलट्या टॅरिफने शेतीतल्या नोकऱ्या गेल्या, तरीही संरक्षण मिळालेल्या भागांत लावणाऱ्या पक्षाची मतं वाढली. कारखाना आला नाही पण कोणीतरी आपल्या बाजूने भांडलं, हे त्या गावांना पुरलं. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षालाही हे कळलं, सत्तेत आल्यावर त्यांनी चीनवरचे टॅरिफ बहुतेक तसेच ठेवले आणि २०२४ मधे चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के नेले.

२०२५ मधे फरक पडला तो एवढाच की यावेळी टॅरिफ रोजच्या किराण्यावर आला. वॉशिंग मशीन माणूस दहा वर्षांनी घेतो, कॉफी रोज पितो. ब्राझीलवर ऑगस्टमधे ५० टक्के लागले, कॉफी सप्टेंबरपर्यंत वर्षभरात १९ टक्क्यांच्या आसपास महागली (हवामानाचाही हात होता, सगळं टॅरिफवर ढकलता येत नाही). भारतावर २७ ऑगस्टपासून एकूण ५० लागले, त्यातले २५ आपण रशियन तेल घेतो म्हणून, आणि मुंबईत सीप्झ या निर्यात वसाहतीतले दागिनेवाले ऑर्डरी कधी सुटतील याची वाट बघत बसले. ४ नोव्हेंबरला व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीत गव्हर्नरच्या निवडणुका झाल्या, महागाईवरच लढल्या गेल्या आणि तात्यांचा पक्ष दोन्हीकडे हरला.

पाचच दिवसांनी तात्यांनी जाहीर केलं की टॅरिफच्या पैशातून जास्त कमाईवाले सोडून प्रत्येकाला किमान २००० डॉलर देऊ. आणि १४ तारखेला कॉफी, चहा, केळी, टोमॅटो, बीफ, मसाले हे सगळं ‘रेसिप्रोकल’ यादीतून गुपचूप नाही, रीतसर आदेश काढून वगळलं. त्या यादीत हळदही होती. काकूंचा डबा त्याआधीच पोचला होता, अनारशांपुढे त्यांनी शेवटी दोन डॉलर लिहिले होते.