सॉलिसिटरचे शुल्क (इंग्लंड व वेल्समधील घरखरेदी आणि रीमॉर्गेज)

इंग्लंड व वेल्समध्ये घर विकत घेताना, किंवा घरावरचे कर्ज एका बँकेकडून दुसरीकडे नेताना, कायदेशीर कामाबद्दल वकिलाला द्यावा लागणारा मोबदला. या कामाला कन्व्हेयन्सिंग म्हणतात. स्कॉटलंडचा कायदा व कर वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

महाराष्ट्रात खरेदीदार स्वतः दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातो, अंगठा उमटवतो, फोटो काढतो. इंग्लंडमध्ये त्याला कुठल्याच कचेरीची पायरी चढावी लागत नाही. मालकी हक्काची छाननी, विक्रेत्याच्या वकिलाशी पत्रव्यवहार, कराराची अदलाबदल, कराचा भरणा आणि लँड रजिस्ट्रीतली नोंद हे सारे सॉलिसिटर करतो. घराचे पैसेही त्याच्याच खात्यातून पुढे जातात.

पूर्वी घराच्या किमतीनुसार ठरीव दरपत्रक असे. ते १९७० च्या दशकात गेले. १९८५ च्या कायद्याने परवानाधारक कन्व्हेयन्सर हा नवा व्यावसायिक आणला आणि सॉलिसिटरांची मक्तेदारी मोडली. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर नियामकाने या कामाचे दर जाहीर करणे बंधनकारक केले. तरीही जाहिरातीतला आकडा आणि शेवटचे बिल यांत अंतर पडते ते पडतेच.

कारण बिलात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात. वकिलाची स्वतःची फी ही पहिली. तिच्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे १,००० पौंडांचे १,२०० होतात. दुसरी, वकिलाने आपल्या वतीने केलेला खर्च: स्थानिक नगरपालिकेकडील तपास, पाणी व सांडपाण्याचा तपास, पर्यावरणाचा तपास, लँड रजिस्ट्रीची फी. कॉर्नवॉलमध्ये जुन्या कथील खाणींचा तपासही करावा लागतो. तिसरा कर, आणि बहुतेकदा सर्वांत मोठा आकडा त्याचाच. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ३,५०,००० पौंडांच्या राहत्या घरावर ७,५०० पौंड स्टॅम्प ड्यूटी बसते. पहिलेच घर असेल तर २,५००. घराचा ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत विवरणपत्र भरावे लागते. वेल्समध्ये २०१८ पासून निराळा कर आहे. ‘वकिलाने आठ-नऊ हजार घेतले’ ही तक्रार ऐकू आली की आधी त्यातला कर वजा करून पाहावा.

लीजहोल्ड फ्लॅटला, म्हणजे जमीन दुसऱ्याची आणि फ्लॅट ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर (लीजवर) असेल तर, फी जास्त पडते. लीज वाचणे, सेवाशुल्काचे हिशेब तपासणे, जमीनमालकाच्या एजंटाकडून (सहसा विक्रेत्यामार्फत) येणारा माहितीचा संच तपासणे, खरेदीनंतर त्याला रीतसर नोटीस देणे ही कामे त्यात वाढतात. एजंट त्या संचाचे मागतील तेवढे घेतात आणि सावकाश पाठवतात.

पुण्या-नाशिकच्या आईवडिलांनी मुलाच्या घरासाठी पैसे पाठवले, की आणखी एक बाब येते. मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे वकील पैशांचा उगम विचारतो: पालकांची ओळखपत्रे, बँकेचे उतारे, मुदत ठेव मोडल्याची किंवा जमीन विकल्याची कागदपत्रे, आणि ही रक्कम परत मागणार नाही असे लेखी पत्र. या तपासणीची फी बरेच वकील वेगळी लावतात. कागद आधीच गोळा करून ठेवले तर निदान आठवडे वाचतात.

व्यवहार मोडला तर फी नाही, असा करार काही वकील करतात. त्यात माफ होते ती वकिलाची फी. तपासांवर झालेला खर्च परत मिळत नाही. इस्टेट एजंटने सुचवलेल्या वकिलाकडून एजंटला दलाली मिळत असू शकते. ती कायदेशीर आहे, पण ग्राहकाला सांगणे वकिलावर बंधनकारक आहे. म्हणून लेखी अंदाजपत्रक मागताना हेही विचारावे.

रीमॉर्गेजचे काम आटोपशीर असते. त्याच बँकेकडे नवा व्याजदर घेतला तर सहसा वकील लागत नाही. बँक बदलली तर जुने कर्ज फेडून नवा बोजा चढवावा लागतो. पुष्कळ बँका यासाठी ‘मोफत’ वकील देतात. तो मुख्यतः बँकेचे काम पाहतो, आणि पैसे पाठवण्याचे शुल्क किंवा लीजहोल्डचे जादा काम ग्राहकाच्या माथी येऊ शकते. रीमॉर्गेज करतानाच जोडीदाराचे नाव घरावर चढवायचे असेल तर ते वेगळे काम, त्याची वेगळी फी. शिवाय जोडीदाराने उचललेला कर्जाचा वाटा हा मोबदला समजला जातो: ३,००,००० पौंडांच्या कर्जातला निम्मा वाटा घेतला तर १,२५,००० च्या वरच्या २५,००० पौंडांवर २ टक्क्यांनी ५०० पौंड स्टॅम्प ड्यूटी भरावी लागते, जरी प्रत्यक्षात एक पैसाही हातातून गेला नसला तरी.