कडक भाकरी, मिठाचे बैल आणि सोलापूरचा उन्हाळा

घरी बेकिंग करणाऱ्या आपल्या सोलापूरकरांची एक तक्रार कायम ऐकू येते. रेसिपी जशीच्या तशी केली, मापं पण बरोबर घेतली, तरी ब्रेडचं पीठ तासाभरात फसफसून आंबट झालं, नाहीतर पोरांसाठी केलेली मिठाच्या पिठाची खेळणी दुसऱ्या दिवशी तडकली. यात हाताचा दोष फार कमी असतो. बहुतेक रेसिप्या २२-२५ डिग्रीच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलेल्या असतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, कधी कधी ४३-४४ पर्यंत जातो आणि दुपारी हवा एवढी कोरडी की दोरीवरचा ओला टॉवेल बघता बघता वाळतो. बेकिंग असो की पिठाचं क्राफ्ट, दोन्हीत खरा खेळ पाण्याचा आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणजे पाणी पिठात कशाला धरून बसतं आणि किती वेगानं निघून जातं. एवढं कळलं की रेसिपी आपल्या हवेप्रमाणे आपली आपण बदलता येते.

सुरुवात कडक भाकरीपासून करू, कारण पाणी काढून टाकण्याचं एवढं सुंदर उदाहरण दुसरं नाही आणि ते आपल्या घरातच आहे.

गव्हाच्या पिठात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रोटीनं असतात, पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं लवचिक जाळं तयार होतं, म्हणून चपाती लाटता येते आणि ब्रेड फुगतो. ज्वारीतलं मुख्य प्रोटीन वेगळं, त्याचं नाव काफिरिन. त्याचं पाण्याशी फारसं पटत नाही, शिवाय ते दाण्यात बारीक बारीक कणांमध्ये बंद असतं, त्यामुळे मालदांडी ज्वारीचं कितीही चांगलं पीठ आणा आणि अर्धा तास मळा, ताणलं जाणारं जाळं काही तयार होत नाही. म्हणून तर भाकरी थापायची असते.

मग गोळा एकत्र कोण धरून ठेवतं? मुख्य काम स्टार्चचं. ज्वारीचा स्टार्च साधारण ७० डिग्रीच्या आसपास पाणी शोषून फुगायला लागतो आणि चिकट होतो, गव्हाचा त्याच्या आधीच, ६० च्या आसपास. पिठात उकळतं पाणी घातलं की थोडा स्टार्च तिथंच फुगतो आणि बाकीच्या पिठाला चिकटून धरतो. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा गेला, थापताना भाकरी तुटायला लागली की घरातल्या बायका पाणी उकळून घेतात, ते यासाठीच.

आता तव्यावर बघा. भाकरी टाकल्या टाकल्या वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात. त्या पाण्यानं वरचं कोरडं पीठ ओलं होतं, गरम झाल्यावर तिथला स्टार्च फुगून पातळ सलग पापुद्रा बनतो आणि वाफ आत अडकते. एक मिली पाण्याची वाफ झाली की ती दीड लिटरपेक्षा जास्त जागा मागते, त्यामुळे चिमूटभर पाणीसुद्धा अख्खी भाकरी टम्म फुगवतं. हात फिरवायचा राहिला किंवा एका जागी पापुद्रा फाटला की वाफ तिथनं निघून जाते आणि भाकरी बसते.

मऊ भाकरी इथं संपते, कडक भाकरीचं खरं काम इथं सुरू होतं. ती मुळात पातळ थापलेली असते आणि नंतर मंद आचेवर किंवा चुलीतल्या निखाऱ्याच्या कडेला उभी करून बराच वेळ वाळवतात. जोपर्यंत आत भरपूर पाणी आहे तोपर्यंत तिचं तापमान १०० च्या आसपासच अडकून राहतं, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पृष्ठभाग कोरडा झाला की मग तापमान वर चढतं आणि साधारण १४० डिग्रीनंतर साखर आणि अमिनो ॲसिड यांची ती प्रसिद्ध रिॲक्शन जोरात सुरू होते, जिचं वर्णन लुई कमिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये केलं. भाकरीचे खरपूस डाग आणि तो वास, ब्रेडची तपकिरी साल, भाजलेल्या शेंगदाण्याचा सुगंध, सगळीकडे हीच रिॲक्शन आहे.

कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, फ्रीज लागत नाही. यामागचा हिशोब वॉटर ॲक्टिव्हिटी नावाच्या मापात आहे, म्हणजे पदार्थातलं किती पाणी जंतूंना वापरायला मोकळं आहे. शुद्ध पाण्याला १ धरतात. ०.९ च्या खाली बहुतेक बॅक्टेरिया वाढत नाहीत, ०.७ च्या खाली बहुतेक बुरशीची पण वाढ थांबते आणि ०.६ च्या खाली कुठलाच जंतू वाढत नाही. कडक बिस्किटासारखे पदार्थ ०.३ च्या आसपास असतात. कुरकुरीतपणाचं कारण पण तेच. पाणी जवळजवळ नसलं की स्टार्चचे लांब रेणू आहे त्या जागी जखडून जातात आणि पदार्थ काचेच्या अवस्थेत जातो, शास्त्रज्ञ खरोखर हाच शब्द वापरतात, म्हणून तो वाकत नाही, कटकन मोडतो. थोडं पाणी आत शिरलं की रेणू सरकायला मोकळे होतात आणि भाकरी चिवट लागते. जुलैमध्ये डबा उघडा राहिला की हेच होतं, आणि तव्यावर पाच मिनिटं मंद गरम केलं की पाणी निघून परत कुरकुरीत.

हेच ओव्हनमध्ये करायचं असेल तर ज्वारीचे क्रॅकर करा, आणि मी तर म्हणेन नवीन ओव्हन घेतलेल्यानं केकच्या आधी हे करावं. एक कप ज्वारीचं पीठ, मीठ, दोन चमचे तीळ, चमचाभर तेल आणि लागेल तसं उकळतं पाणी, पाऊण कपाच्या आसपास लागतं. झाकून दहा मिनिटं ठेवा, मग मळा, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दोन मिलिमीटर जाडीचं लाटा, काट्यानं टोचे मारा म्हणजे वाफ निघून जाईल, फुगणार नाहीत. १६० डिग्रीला कडा रंगेपर्यंत, साधारण १८-२० मिनिटं. नंतर ओव्हन १०० वर आणून दार किंचित उघडं ठेवून अजून वीसेक मिनिटं. ही दुसरी पायरी लोक गाळतात आणि मग क्रॅकर मधे मऊ राहतात. दार उघडं ठेवायचं कारण साधं आहे, निघालेली वाफ आतच कोंडली तर पुढचं पाणी बाहेर पडणार कसं.

जाडीबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. पाणी आतून बाहेर यायला लागणारा वेळ साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की वाळायला चौपट वेळ. दोन मिलिमीटरचा क्रॅकर २० मिनिटांत वाळत असेल तर चार मिलिमीटरच्याला सव्वा तास धरा, आणि तोपर्यंत बाहेरची बाजू करपलेली असते. बरोबर शेंगाची चटणी घ्या, तेल सुटलेली असली तरी चालते, तेलानं क्रॅकर लगेच मऊ पडत नाही, पाण्यानं पडतो.

जाडीचा हाच नियम मिठाच्या पिठाच्या खेळण्यांना लागू होतो. दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ, पाऊण ते एक कप पाणी, एवढंच सामान. इथं मात्र ज्वारी चालत नाही, मैदाच पाहिजे, कारण आकार धरून ठेवायला ग्लुटेन लागतं आणि मिठामुळे ते अजून घट्ट होतं. मीठ पाणी स्वतःकडे बांधून ठेवतं त्यामुळे ओल्या पिठाला पण पटकन बुरशी धरत नाही. दहा मिनिटं नीट मळलं की गुळगुळीत होतं, मग बेंदराचे बैल करा, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज करा. पण एक सांगून ठेवतो, घरात कुत्रं असेल तर ही खेळणी वर ठेवा, एवढं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं, लहान मुलांनी पण तोंडात घालू नये.

आता ती तडकतात का ते बघू. आपल्या उन्हात बैल ठेवला की बाहेरचा थर भराभर वाळतो आणि आक्रसतो, आत अजून ओलं आहे, ते आक्रसायला तयार नाही. बाहेरचा थर ताणला जातो आणि शेवटी फाटतो, बहुतेक पाठीवर किंवा पाय जिथं पोटाला जोडलेत तिथं, कारण तिथं जाड आणि पातळ भाग शेजारी शेजारी येतात. शिंगं आणि शेपूट आधी वाळून मोडतात, पोट अजून ओलंच असतं. म्हणजे आपली कोरडी हवा इथं मदत करत नाही, घाई करते. उपाय आहेत. पोट आतून पोकळ ठेवा, फॉइलचा गोळा करून त्यावर पीठ चढवा म्हणजे सगळीकडची जाडी सेंटीमीटरच्या आत आणि साधारण सारखी राहते. पहिला दिवस सावलीत, वर सैल कापड टाकून, मधे मधे उलटून ठेवा. वरचा ओलावा बऱ्यापैकी गेला की मगच ऊन दाखवा किंवा ओव्हनमध्ये ९०-१०० डिग्रीला दोन-तीन तास. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि बैलाला फोड येतात.

बेंदूर येतो पावसाळ्याच्या तोंडावर, आणि तेव्हा दुसरीच अडचण. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. म्हणून मिठाच्या बरणीत गुठळ्या होतात आणि म्हणूनच उन्हाळ्यात दगडासारखा असलेला बैल जुलैत हाताला ओलसर लागतो. रंग दिला म्हणून थांबत नाही, पोस्टर कलर पाणी अडवत नाही. पूर्ण वाळल्यावर व्हार्निशचे दोन हात, खालच्या बाजूला आणि खुरांना पण, एवढं केलं की टिकतो. अर्धवट वाळलेल्यावर व्हार्निश लावलं तर आतलं पाणी आतच कोंडतं आणि थर सुटून येतो, त्यामुळे इथं उतावीळपणा नको.

यीस्टच्या ब्रेडकडे येतो, कारण सोलापूरच्या उन्हाळ्याचा सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो. यीस्ट जिवंत आहे, तापमान ८-१० डिग्रीनं वाढलं की तिचं काम साधारण दुप्पट वेगानं होतं, आणि ५५-६० च्या पुढे ती मरते. मळलेल्या पिठाचं तापमान २६ च्या आसपास असेल तर ब्रेड फुगायला आणि चव तयार व्हायला पुरेसा वेळ मिळतो. ३६-३७ ला पीठ फुगतं खरं, पण चव मागे पडते आणि जाळं नीट तयार व्हायच्या आत गॅस सुटतो. बेकरीवाले यासाठी एक सोपं गणित करतात. पाहिजे ते तापमान गुणिले तीन, त्यातून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करायचं, उरेल ते पाण्याचं तापमान. २६ त्रिक ७८. मे महिन्यात खोली ३८ आणि डब्यातलं पीठ ३६, बेरीज ७४. उरलं ४. म्हणजे चक्क बर्फाचं पाणी! मिक्सरनं मळत असाल तर घर्षणाची गरमी वेगळी, मग मैदापण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. रेसिपीत लिहिलेलं कोमट पाणी इथं विसरायचं, ते थंड देशांसाठी ठीक आहे.

पीठ गार राखायला आपली कोरडी हवा मात्र जबरदस्त कामाची आहे. पाण्याचा एक ग्रॅम वाळताना आजूबाजूची साधारण २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो, माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच. ४० डिग्री आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाचं तापमान हिशोबानं २३ डिग्रीपर्यंत उतरू शकतं. मुंबईच्या ३३ डिग्री आणि ७० टक्क्यांत तेच जेमतेम २८ पर्यंत येतं, म्हणून तिथं कूलर चालत नाही आणि इथं चालतो. तर पिठाचं झाकलेलं स्टीलचं पातेलं पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवा, भोवती ओला टर्किश टॉवेल गुंडाळा, त्याचं खालचं टोक परातीत बुडू द्या आणि पंख्याखाली ठेवा. आपल्या सोलापुरी टॉवेलवर दोऱ्याचे जे बारीक फासे असतात ते पाणी धरून ठेवतात आणि हवेला भरपूर पृष्ठभाग मिळतो, साध्या पंचापेक्षा जास्त. प्रत्यक्षात २३ गाठणार नाही पण खोलीपेक्षा बऱ्याच खाली येतं आणि तेवढं पुरतं. यीस्ट नेहमीपेक्षा थोडी कमी घाला, आणि घड्याळ बघण्यापेक्षा पिठावर बोट दाबून बघा, खळगा हळूहळू भरत आला की तयार.

पूर्ण ज्वारीचा ब्रेड करायचा हट्ट मात्र मला पटत नाही. इसबगोल घालून करता येतो, त्याचा जेल गॅस थोडा धरून ठेवतो, पण ज्वारीची खरी मजा भाकरीत आणि क्रॅकरमध्येच. ब्रेडला पाव हिस्सा ज्वारी, बाकी गहू, एवढं पुष्कळ. ग्लुटेन चालत नाही अशांची गोष्ट वेगळी, त्यांनी इसबगोलचाच करावा.

झालेला ब्रेड ठेवायचा कुठं, यावर घराघरात गोंधळ असतो. ब्रेड कडक होतो तो फक्त वाळून नाही. १८५२ मध्ये बुसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की पाणी उडू दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतो, आणि ६० डिग्रीच्या पुढे गरम केला की परत मऊ होतो. भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर हळूहळू परत घट्ट रचनेत बसायला लागतो, आणि फ्रीजच्या ४ डिग्रीला हे सगळ्यात जलद होतं. त्यामुळे फ्रीजमध्ये बुरशी लांबते पण ब्रेड लवकर रबरासारखा होतो. दोन दिवसांत संपणार असेल तर कापडात गुंडाळून डब्यात, बाहेरच. जास्त असेल तर स्लाइस करून घट्ट पिशवीत, थेट फ्रीझरमध्ये, तिथं उणे १८ ला ही क्रिया जवळजवळ थांबते. खायच्या वेळी स्लाइस तशीच गरम तव्यावर टाका, वर झाकण, दोन मिनिटं.