सीए लोकांच्या ताणाची पार्श्वभूमी: तारखा कशा साठत गेल्या

२०२४ च्या जुलैमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या ऑडिट फर्ममधली २६ वर्षांची सीए मुलगी गेली, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते, आणि सप्टेंबरात तिच्या आईने फर्मच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सगळीकडे फिरलं. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली असं आईचं म्हणणं होतं, फर्मने ते मान्य केलं नाही, केंद्रीय श्रम मंत्रालयाने चौकशी लावली. त्यानंतर सीएंच्या मानसिक आरोग्यावर वेबिनार, योगा सेशन, स्ट्रेस मॅनेजमेंट हे सगळं वाढलं आणि ते हवंच आहे. पण हा ताण माणूस कच्चा आहे म्हणून येत नाही, तो कायद्यांनी आणि तारखांनी एकेक थर चढवत तयार केलाय, यावर फारसं बोललं जात नाही, म्हणून जरा मागे जाऊन बघूया.

कंपन्यांचं ऑडिट, म्हणजे हिशोबतपासणी, सक्तीचं झालं ते १९१३ च्या कंपनी कायद्याने. मग १९१८ मध्ये मुंबई सरकारने गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी काढला, परीक्षा आणि सोबत तीन वर्षं एखाद्या मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली काम, म्हणजे आजची आर्टिकलशिप. १ जुलै १९४९ ला सीएंची परीक्षा घेणारी आणि नियम करणारी इन्स्टिट्यूट (आयसीएआय) आली, पहिले अध्यक्ष मुंबईचे जी. पी. कापडिया. तेव्हाची आर्टिकलशिप म्हणजे घरची ऐपत असलेल्यांचं काम, कारण शिकवणाऱ्या साहेबांनाच उलट प्रीमियम, म्हणजे पैसे, द्यावे लागायचे. स्टायपेंड नंतर आला आणि तोही इतका कमी की बाहेरगावाहून पुण्या-मुंबईत आलेल्या पोराचं खोलीभाडं सुद्धा त्यात निघायचं नाही.

आता मुद्दा वर्षाचा. १९८९ च्या आधी धंदेवाल्याला आपलं हिशोबाचं वर्ष निवडता यायचं. कुणाचं दिवाळी ते दिवाळी, पाडव्याला नवीन चोपडी, कुणाचं जानेवारी ते डिसेंबर, कुणाचं मार्च, त्यामुळे ऑफिसात वह्या पण पुढेमागे यायच्या, काम वर्षभर थोडं थोडं पसरलेलं असायचं. १९८९ मध्ये इन्कम टॅक्ससाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपवायचं ठरलं. सरकारच्या दृष्टीने सोयीचं होतं हे खरं, पण सगळे क्लायंट एकाच दिवशी वर्ष बंद करायला लागले आणि सीझन नावाचा प्रकार पक्का झाला. मला तर वाटतं या सगळ्या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा टप्पा हाच आहे आणि तो कुणाच्या लक्षातच नाही.

त्याच्या थोडंच आधी, १९८५-८६ च्या असेसमेंट इयरपासून (कर आकारणीचं वर्ष), इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम ४४एबीचा टॅक्स ऑडिट लागू झाला होता, ४० लाखांच्या वर विक्री असेल तर ऑडिट. हे ऑडिट सगळं एकाच शेवटच्या तारखेला. मर्यादा पुढे ६० लाख, एक कोटी, आणि रोखीचे व्यवहार कमी असतील तर दहा कोटी इतकी वाढत गेली, म्हणजे त्या बाजूने भार थोडा हलका झाला. पण मधेच १ जुलै २०१७ ला, नेमकं सीए डेच्या दिवशी, जीएसटी आला. वर्षाच्या डेडलाइनवर महिन्याच्या डेडलाइन चढल्या, ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० तारखेला ३बी (कर भरायचं विवरण), त्याआधी ७ तारखेला टीडीएस (कापलेला कर भरणं), आणि पोर्टल नेमकं शेवटच्या दिवशी बंद. क्लायंट बिलं १८ तारखेच्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवणार आणि लेट फी लागली की विचारणार सीए साहेब हे कसं झालं. २०२१ च्या जूनमध्ये इन्कम टॅक्सचं नवीन पोर्टल आलं तेव्हा तर लॉगिन होईना म्हणून लोक पहाटे उठून बसायचे.

ऑडिटवर सही करायची भीती हा वेगळाच थर. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीतला हिशोबाचा घोटाळा फुटला, ऑडिटर तुरुंगात गेले, आणि त्यानंतर २०१३ चा कंपनी कायदा, २०१८ मध्ये ऑडिटरांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था एनएफआरए, २०१९ पासून प्रत्येक सर्टिफिकेटला यूडीआयएन हा वेगळा ओळख क्रमांक. यातलं बरंचसं गरजेचं होतं, गुंतवणूकदाराचे पैसे बुडतात तेव्हा कुणीतरी उत्तर द्यायलाच हवं. पण मोठ्या फर्मकडे कायदेशीर टीम असते, तालुक्याच्या गावी एकटा प्रॅक्टिस करणारा मात्र सही करून घरी येतो आणि रात्री परत तीच फाइल आठवत बसतो.

आणि हे सगळं सुरू व्हायच्या आधी परीक्षा. नोव्हेंबर २०२३ च्या सीए फायनलला दोन्ही ग्रुप (पेपरांचे संच) एकत्र देणाऱ्यांचा निकाल ९.४२ टक्के होता. बाकीच्यांना "कितवा अटेम्प्ट?" हा प्रश्न प्रत्येक लग्नात ऐकावा लागतो, बरोबरीचे नोकरी-लग्नाला लागलेले असतात. इथे इन्स्टिट्यूटने खरंच काही केलंय, २०२३ पासून आर्टिकलशिप तीनची दोन वर्षं झाली, स्टायपेंड वाढला, परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात. आर्टिकलला, म्हणजे आर्टिकलशिप करणाऱ्याला, आठवड्याला ३५ तास आणि जादा काम धरून ४५ च्या वर नाही असा नियम आधीपासूनच आहे, पण सप्टेंबरात, टॅक्स ऑडिटच्या घाईत, तो पाळणारी ऑफिसं कमीच दिसतील.

मदतीचा इतिहास बघितला तर इंग्लंडमध्ये अकाउंटंटसाठीची कल्याणकारी संस्था १८८६ पासून आहे, सुरुवात पैशाच्या मदतीने झाली आणि आता ती समुपदेशन पण देते. आपल्याकडे सीएंचा बेनेव्होलंट फंड (मदत निधी) १९६२ चा, तो मुख्यतः मेंबर गेला किंवा आजारी पडला तर घरच्यांना आर्थिक आधार देण्यासाठी. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस लाइन २०२२ पासून आहे, १४४१६, कुणीही फोन करू शकतं, सीझनमध्ये झोप उडाली असेल तरी करावा.

२०२५ मध्ये टॅक्स ऑडिटची तारीख हायकोर्टात जाऊन वाढवून घ्यावी लागली, ३० सप्टेंबरची ३१ ऑक्टोबर झाली, मग १० नोव्हेंबर, आणि लक्ष्मीपूजन बरोबर मधे आलं. १ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा लागू, कलमांचे नंबर, फॉर्म सगळे बदलले, ते शिकायचं काम रोजच्या कामाच्या वर. ताणावर वर्कशॉप घेणाऱ्यांनी या तारखा एकमेकींपासून लांब ठेवायची मागणी पण सरकारकडे लावून धरावी, जीएसटीच्या ११ आणि २० तारखेपासून सुरुवात केली तरी चालेल.