हिरवी तुतारी की ठिपकेवाली? उडताना पंखाखाली बघा

पोळा फुटला, दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, की माझी सकाळची वाट बदलते. रस्ता सोडून मी पाण्याच्या कडेकडेने चालायला लागते. नागपूरला समुद्र नाही, पण काठ भरपूर आहेत. गोरेवाडा, अंबाझरी, हिंगण्याकडचं मोहगाव झिल्पी, आणि उमरेड-भिवापूरकडे निघालं की गावोगावच्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव. भाद्रपद-आश्विनात उत्तरेकडून जे पाहुणे या काठांवर उतरतात, त्यांत दोन पक्षी असे आहेत की नवख्यांचं सोडाच, कित्येक हिवाळे चिखल तुडवलेल्यांनाही ते एकमेकांच्या जागी दिसतात. एक हिरवी तुतारी, दुसरी ठिपकेवाली तुतारी.

दोघी साळुंकीएवढ्या, ठिपकेवाली हिरवीहून जराशी लहान आणि सडपातळ. दोघींची चोच सरळ आणि बारीक, पाठ तपकिरी, पोट पांढरं. चालता चालता शेपटी वरखाली करायची सवयही दोघींना. लिनियसने दोघींना शास्त्रीय नावं दिली तीही एकाच वर्षी, १७५८ मध्ये. पण नावांची मदत होत नाही, उलट गोंधळच वाढतो. हिरव्या तुतारीत हिरवं म्हणावं असं फारसं काही नाही. पाठीच्या गडद तपकिरीवर शेवाळी झाक असते, तीसुद्धा ऊन नेमकं पडलं तर. तिचं शास्त्रीय नाव ट्रिंगा ओक्रोपस. मूळ ग्रीकमध्ये ओक्रोपस म्हणजे फिकट पिवळसर पायांची. प्रत्यक्षात तिचे पाय मळकट हिरवे असतात, आणि पिवळसर पाय असतात ते दुसरीचे, म्हणजे ठिपकेवालीचे. तेव्हा नाव बाजूला ठेवावं आणि आधी ती उभी कुठे आहे ते बघावं.

हिरवी तुतारी एकटी राहते आणि तिला आडोसा लागतो. मोठ्या तलावाच्या ऐसपैस काठावर ती क्वचित सापडते. तिची जागा म्हणजे सांडव्याखालचं डबकं, शेताच्या धुऱ्यालगतची चारी, रपट्याखाली साचलेलं पाणी, बेशरमाच्या झुडपांमधून वाहणारा नाला. शहराच्या अंगावरून वाहणाऱ्या, वास मारणाऱ्या नाल्यातसुद्धा मी तिला पाहिलं आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांमधून पाय उचलत, अगदी मन लावून किडे वेचत होती. गावाकडे एखाद्या ठरलेल्या डबक्यावर ती सप्टेंबरात दिसली, की पुढे हिवाळाभर त्याच डबक्यावर जाऊन बघावं. बहुतेक वेळा तिथेच एक हिरवी तुतारी असते.

ठिपकेवालीला उघडं, उथळ आणि गवताळ पाणी हवं. पावसाळा सरताना तलाव काठोकाठ भरलेले असतात, चिखल अजून उघडा पडलेला नसतो. तेव्हा ती धानाच्या बांध्यांमध्ये उतरते. दिवाळीनंतर पाणी मागे सरकायला लागलं, गाळपेरीची जमीन मोकळी व्हायला लागली, की तलावाच्या पसरट काठावर तिचे थवे दिसतात. कधी चार-पाच, कधी वीस-पंचवीस. एक उडाली की सगळ्या उडतात, आणि थोड्या अंतरावर पुन्हा सगळ्या बसतात.

हा फरक मला पहिल्यांदा कोणी सांगितला असेल तर भिवापूरकडच्या एका बोडीवर शिंगाडे काढणाऱ्या ढिवर काकांनी. मी दुर्बीण लावून बसले होते. ते डोंग्यातून जवळ आले आणि म्हणाले, "काय पाहून राहिल्या ताई?" मी दोन्हीकडे बोट दाखवलं. समोरच्या काठावर सात-आठ पक्षी होते, मागच्या चारीत एक. "थो चारीतला एकटाच राह्यते," ते म्हणाले. "आन् हे टोळीनं येतेत. दोन्ही येगळे हायेत ना." त्यांच्याकडे ना दुर्बीण होती, ना पुस्तक. रोज पहाटे त्या पाण्यावर असणाऱ्या माणसाला जे दिसतं ते त्यांनी सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

जागेवरून अंदाज येतो, पण पक्षी नियम पाळतोच असं नाही. स्थलांतराच्या वाटेवर ठिपकेवाली एकटीही थांबते, आणि चांगल्या डबक्यावर दोन-तीन हिरव्याही जमतात. खात्री होते ती उडताना, कारण उडताना पंखाची खालची बाजू दिसते.

मागच्या वर्षी ऑक्टोबरातली एक सकाळ सांगते. नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्याला टेकून मी उभी होते. खाली गुडघाभर पाणी, कडेला एक बाई कपडे आपटत होत्या, आणि त्यांच्यापासून वीस पावलांवर दगडाच्या सावलीत एक तुतारी. सावलीमुळे रंग कळत नव्हता, पाय पाण्यात बुडलेले. बादली दगडावर आदळली आणि पक्षी एकदम वर उठला, माझ्या डोळ्यांच्या रेषेत. पंख वर गेले तेव्हा त्यांची खालची बाजू जवळजवळ काळी दिसली, कोळशासारखी. वळला तेव्हा काळ्या पाठीखाली कमरेला शुभ्र पांढरा चौकोन. जणू काळ्या पाखराच्या कमरेला कोणी धुतलेला रुमाल बांधला आहे. शेपटीच्या टोकाला मोजके जाड काळे पट्टे. दोन हेलकावे घेत तो पक्षी झाडांच्या उंचीवर गेला आणि दूर निघून गेला. ही हिरवी तुतारी. इतका काळा-पांढरा विरोध ठिपकेवालीत कधीच दिसत नाही.

ठिपकेवाली उडते तेव्हा पंखाखालचा भाग फिकट असतो, मळकट पांढरा. कमरेला पांढरं तिच्याही असतं, पण पाठ मध्यम तपकिरी असल्यामुळे ते डोळ्यांत घुसत नाही. शेपटीवरचे पट्टे बारीक आणि दाट. आणि पाय लांब असल्यामुळे पंजे शेपटीच्या बरेच मागे येतात. हिरवीचे जेमतेम टोकापुरते दिसतात.

म्हणून पक्ष्याला उडवायचं का? नाही. खडा टाकून, टाळ्या वाजवून, अंगावर चालत जाऊन तुतारी उडवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं. हा साठ-सत्तर ग्रॅमचा जीव स्कँडिनेव्हिया ते सायबेरियाच्या पट्ट्यातून आपल्यापर्यंत आलेला असतो. त्याला पोट भरायला दिलेली सकाळ आपण एका खुणेसाठी मोडायची नाही. थांबलं की तो आपणहून उडतोच. म्हैस येते, घार वरून जाते, शेजारची टिटवी बोंब मारते. आणि कितीदा तर तो नुसता आळस देतो, एक पंख सरळ वर ताणतो, आणि काळं की फिकट ते तेवढ्यात दिसून जातं. यासाठी पाऊण तास बसावं लागलं तरी बसावं, असं माझं मत आहे.

तोवर बसल्या जागी बघण्यासारखं बरंच असतं. मी आधी भुवई बघते. ठिपकेवालीची पांढरी भुवई चोचीपासून निघून डोळ्यावरून मागे मानेपर्यंत जाते, लांब आणि ठळक. हिरवीची भुवई डोळ्याच्या पुढेच संपते, आणि डोळ्याभोवती बारीक पांढरं कडं उठून दिसतं. मग छाती. हिरवीची छाती गडद आणि तिथून पोटाचा पांढरा रंग सुरीने कापल्यासारखा सुरू होतो. ठिपकेवालीच्या छातीवरच्या रेघा हळूहळू विरत पोटाकडे जातात. पाठीवरचे ठिपके मी शेवटी बघते, कारण फसवणूक तिथेच होते. ठिपके दोघींना असतात. शरदात हिरवीच्या पाठीवरचे ठिपके इतके बारीक असतात की थोड्या अंतरावरून पाठ सपाट, काळपट दिसते. ठिपकेवालीची पाठ मोठ्या, फिकट ठिपक्यांनी भरलेली असते, आणि त्याच वर्षी जन्मलेल्या पिल्लांच्या पाठीवर तर ते नुकतेच रंगवल्यासारखे ताजे असतात. पण परतीच्या वेळी, मार्च-एप्रिलमध्ये, विणीचा पिसारा चढतो तेव्हा हिरवीचे ठिपकेही ठळक होतात. शरदात शिकलेली खूण त्या वेळी जशीच्या तशी वापरली तर चूक होते. पायांच्या रंगाचंही तसंच. चिखलाने माखलेल्या पायाला रंग नसतो.

काठावर एक तिसरीही भेटते, सामान्य तुतारी. तिच्यावर फार वेळ घालवायला नको. खांद्याजवळ, पंखापुढे, पोटाचा पांढरा रंग वर घुसलेला दिसला, आणि उडताना ती पाण्यालगत ताठ पंखांनी थरथरत गेली, पंखावर पांढरी पट्टी दिसली, की तीच. कमरेला पांढरं नसतं.

आवाज कळला तर दुर्बिणीचीही गरज नाही. हिरवी उडताना 'ट्लुईट्-वीट्-वीट्' करते. पहिला सूर घसरत वर चढतो, आवाज खणखणीत, काचेवर नखाने टिचकी मारावी तसा. ठिपकेवाली 'चिफ्-इफ्-इफ्' म्हणते, सगळे सूर एकाच पातळीवर, कोरडे आणि घाईचे. चार-सहा सकाळी लक्ष देऊन ऐकलं की कानाला फरक बसतो, आणि एकदा बसला की जात नाही.

दोघींमधली मला सगळ्यांत आवडणारी वेगळी गोष्ट मात्र नागपुरात कधीच दिसणार नाही, कारण ती त्यांच्या माहेरी घडते. हिरवी तुतारी पाण्याकाठचा पक्षी असून अंडी झाडावर घालते. उत्तरेच्या दलदली जंगलात कस्तुराने किंवा कबुतराने सोडून दिलेलं जुनं घरटं शोधते, कधी खारीचंही, आणि त्यात बसते. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच तिथून खाली उडी मारतात. ठिपकेवाली बहुतेक वेळा दलदलीच्या गवतात, जमिनीवरच घरटं करते. झाडावरचं जुनं घरटं ती क्वचितच वापरते. इथे हिवाळ्यात एक झुडपांच्या आडोशाला राहते आणि दुसरी उघड्या गवताळ पाण्यात, हे आठवलं की मला त्या दोन माहेरांची आठवण होते. हा माझा मनातला धागा आहे, पण जागा लक्षात ठेवायला त्याने मदत होते.

आता कोणी विचारेल, इतकं कशाला? दोन्ही तुताऱ्याच ना. पण कोकणात समुद्रावर फिरणाऱ्यांना चिखल्या, कुरव, सुरय मिळतात. या दोघी मात्र गोड्या पाण्याच्या. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर त्या सहसा थांबत नाहीत, कोकणातही त्यांना शोधायचं तर भातखाचरात जावं लागतं. त्यांची काळजी करायची जबाबदारी आपल्यासारख्या तलाव-बोड्यांच्या मुलखावर आहे. आणि दोघींना सारखंच पाणी चालत नाही. तलावाच्या पसरट काठाला दगडी पिचिंग करून वर फिरायचा ट्रॅक केला, की ठिपकेवालीचा चिखल संपला. मागच्या नाल्यात हिरवी तरीही भागवून नेईल. वहीत दोन्ही ठिकाणी नुसतं 'तुतारी' लिहिलं तर नोंद सांगेल की पक्षी अजून आहे, सगळं ठीक आहे. मी स्वतः दोन हिवाळे एका नाल्यावरच्या हिरवीला ठिपकेवाली म्हणून लिहीत होते. पंखाखालचा काळा रंग दिसला त्या दिवशी घरी येऊन त्या दोन वर्षांच्या नोंदींपुढे प्रश्नचिन्हं टाकली. खात्री नसताना 'तुतारी, जात नक्की नाही' असं लिहिणं ही पूर्ण, उपयोगाची नोंद आहे. चुकीचं नाव त्याहून वाईट.

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सालिम अलींचा. चितमपल्ली कित्येक वर्षं याच शहरात राहिले. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, भारतात ती १९८७ पासून होते आहे. त्या गणनेत आकडे द्यायचे असतील तर ओळख आताच, आश्विनात पक्की करून ठेवावी. जानेवारीच्या धुक्यात, समोर शंभर पक्षी असताना, शिकायला वेळ मिळत नाही.

गेल्या कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध आटत होतं. हे पक्षी रात्रीचा प्रवास करतात, म्हणून मी भाचीला सांगून ठेवलं होतं की मधूनमधून गप्प बसून वर कान दे. साडेअकराच्या सुमारास, सगळे खाली कपबशा आणायला गेले तेव्हा, चांदण्यात कुठूनतरी तीन सूर आले आणि पूर्वेकडे गेले. दिसलं काहीच नाही.

"मावशी, कोणती?"

"पहिला सूर वर चढला की सपाट होता?"

तिने डोळे मिटून तो पुन्हा एकदा मनात ऐकला. "चढला."

वही तिच्याच मांडीवर होती. तिने लिहिलं: हिरवी तुतारी, १, ऐकली.