संदर्भसूची नेटकी आहे, पण खरी आहे का?

व्हॅन डर गीर, हॅनराड्स आणि लुप्टन या तिघांचा शास्त्रीय लेखनकलेवरचा २००० सालचा एक शोधनिबंध जवळजवळ ४०० लेखांच्या संदर्भसूचीत आढळतो. तो वाचलेला माणूस मात्र कुठेच भेटणार नाही, कारण असा निबंध कधी लिहिलाच गेला नाही. संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने आपल्या सूचनांमध्ये दिलेला तो नमुना होता. लेखकांनी तयार साचा घेतला, त्यात आपला मजकूर भरला आणि नमुना पुसायचा राहून गेला. अ‍ॅन-विल हार्झिंग या प्राध्यापिकेने २०१७ साली हा प्रकार उजेडात आणला.

झोटेरो, मेंडली, एंडनोट यांसारखी संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर वापरली की सूचीची काळजी मिटली, असा समज सर्रास दिसतो. तो अर्धाच खरा आहे. ही सॉफ्टवेअर दोन वेगळी कामे करतात. एक, लेखाचा तपशील गोळा करून ठेवणे: लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, पाने. दोन, तो तपशील हव्या त्या शैलीत मांडणे. अशा शैलींच्या खुल्या संग्रहात आज १०,०००हून अधिक शैली आहेत आणि हे मांडणीचे काम यंत्र माणसापेक्षा कितीतरी चोख करते. घोळ होतो तो पहिल्या कामात. चुकीचा तपशील आत गेला तर तो तितक्याच सुबकपणे बाहेर येतो, आणि सुबक दिसतो म्हणूनच कोणी तपासत नाही.

तपशील येतो कुठून? बहुधा डीओआय या लेखाला दिलेल्या कायमस्वरूपी क्रमांकावरून. सॉफ्टवेअर तो क्रमांक क्रॉसरेफसारख्या नोंदणी संस्थेकडे पाठवते आणि तिथली नोंद उचलून आणते. ती नोंद प्रकाशकाने भरलेली असते. तिथे एखादे आडनाव चुकले असेल तर ते जसेच्या तसे तुमच्याकडे येते. शिवाय पुस्तकांच्या आयएसबीएन या ओळख-क्रमांकात शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला की लगेच कळते. डीओआयमध्ये अशी सोय सक्तीची नाही. एक अंक चुकला तर तो क्रमांक कुठेच पोहोचत नाही, किंवा वाईट म्हणजे भलत्याच लेखावर पोहोचतो.

काही चुका यंत्राच्या स्वभावातच आहेत. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन हे नाव व्यक्तीच्या रकान्यात पडले की सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ असे कोणी गृहस्थ अवतरतात. रोमन लिपीतल्या शीर्षकांची गंमत आणखी वेगळी. प्रत्येक मुख्य शब्दाचे पहिले अक्षर मोठे करणे यंत्राला जमते, पण ती अक्षरे पुन्हा लहान करताना कोणता शब्द विशेषनाम आहे हे त्याला खात्रीने ठरवता येत नाही. म्हणून झोटेरोचे मार्गदर्शनही सांगते की शीर्षके साध्या वाक्यासारखी साठवा. बिबटेक या संदर्भसूची बनवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या अनेक शैलींत तर शब्दाभोवती महिरपी कंस घातला नाही, तर ‘डीएनए’ची तिन्ही अक्षरे लहान होऊन बसतात.

चूक एकदा आत शिरली की कशी पसरते, याचा एक सुंदर अभ्यास सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी केला. कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांच्या १९७३ सालच्या गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख त्यांनी पाहिले. त्यांत १९६ उल्लेखांत चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पृष्ठक्रमांकाची एकच चूक ७८ वेळा आली होती. एवढ्या लोकांनी स्वतंत्रपणे नेमका तोच अंक चुकवला असेल, हे संभवत नाही. त्यांनी तो एकमेकांच्या सूचीतून उचलला. यावरून त्यांनी अंदाज बांधला की उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्केच मूळ निबंध वाचतात. हा निष्कर्ष मला जरा कडक वाटतो. निबंध नीट वाचूनही त्याचा तपशील दुसरीकडून उचलणारे असतातच. पण ४५ आणि १९६ मधली तफावत बोलकी आहे, आणि सामायिक संग्रहातून एका क्लिकवर नोंद घेता येते तेव्हा नक्कल आणखी सोपी होते.

स्वल्पविराम आणि पानांच्या पुढे खरा प्रश्न उरतो: ज्या विधानासाठी संदर्भ दिला, ते मूळ लेखात म्हटले आहे का? इथे सॉफ्टवेअरचा काहीच उपयोग नाही. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असलेल्या, अफूवर्गीय औषधे दिलेल्या रुग्णांमध्ये व्यसन लागल्याच्या नोंदी फार कमी आढळल्या, एवढेच त्यात होते. २०१७ सालच्या पाहणीत त्याचे ६०८ उल्लेख सापडले. ७२ टक्के लेखकांनी ते ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि हे रुग्ण रुग्णालयात होते हे ८० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलेच नव्हते. या उल्लेखांचे वर्ष, खंड, पान सगळे बरोबर असले तरी त्याने काय फरक पडणार होता? अखेर नियतकालिकाला त्या पत्रावर वाचकांना सावध करणारी टीप जोडावी लागली.

तपासायला बसताना म्हणूनच मी शैलीकडे शेवटी बघेन. आधी प्रत्येक डीओआय उघडून तो त्याच लेखावर जातो का ते पाहावे. मग मूळ पीडीएफच्या पहिल्या पानाशी नावे आणि वर्ष ताडावे. लेख ऑनलाइन आधी आणि छापील अंकात पुढच्या वर्षी आला असेल तर वर्षाचा घोळ हमखास होतो. मागे घेतलेल्या निबंधांबद्दल झोटेरो २०१९ पासून इशारा देते, पण तो लेख झोटेरो वापरत असलेल्या माहितीसाठ्यात नोंदलेला असेल तरच. आणि ज्या वाक्यांवर आपला सगळा युक्तिवाद उभा आहे, त्यांचे संदर्भ पुन्हा उघडून नेमका परिच्छेद वाचावा. सगळेच संदर्भ असे वाचायला वेळ नसेल तर त्या चार-पाचांपासून सुरुवात करावी.