स्प्रिंटर (अश्वशर्यत)

सपाट मैदानावरील आखूड पल्ल्याच्या शर्यतींत सरस ठरणारा घोडा किंवा घोडी. आंतरराष्ट्रीय मानांकनात १,००० ते १,३०० मी. हे अंतर स्प्रिंट गटात धरतात. तबेल्यांत मात्र १,४०० मी.पर्यंत उजवा ठरणाऱ्या घोड्यालाही स्प्रिंटरच म्हणतात, आणि त्या अंतरावर त्याची गाठ मैलाच्या घोड्यांशी पडते. ब्रिटनमध्ये ही अंतरे अजून फर्लांगांत सांगतात (१ फर्लांग सु. २०१ मी.), भारत व ऑस्ट्रेलियात मीटरमध्ये. लांब पल्ल्याच्या घोड्याला स्टेयर अशी संज्ञा आहे.

शरीरक्रिया : स्प्रिंटरची ठेवण आटोपशीर, मागचे पुठ्ठे भरदार आणि झपाट्याने आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंचे प्रमाण अधिक असते. चौखूर दौडीत घोडा दर झेपेला एकच श्वास घेतो; झेपेचा ठेका आणि श्वासाचा ठेका एकमेकांना बांधलेला असतो. आखूड शर्यतीत घोडा श्वास रोखून धावतो, ही रेसच्या मैदानावर ऐकू येणारी समजूत त्यामुळे टिकत नाही. जोराची दौड सुरू होताच प्लीहा आकसून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, आणि एरवी मिनिटाला तीस-चाळीस पडणारे हृदयाचे ठोके दोनशेच्या पुढे जातात. २००८ साली अमेरिकेतील पेन नॅशनल रेसकोर्सवर विनिंग ब्रू या दोन वर्षांच्या घोडीने दोन फर्लांगांत ताशी ७०.७६ किमी. असा सरासरी वेग गाठला. गिनेसच्या नोंदीत शर्यती घोड्याचा सर्वाधिक वेग म्हणून तो दिलेला आहे.

वेगाचा उगम : शर्यतीसाठी पैदास केलेल्या थरोब्रेड जातीच्या सर्व घोड्यांची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन पूर्वेकडील घोड्यांपर्यंत जाते. त्यांपैकी डार्ली अरेबियन १७०४ च्या सुमारास यॉर्कशरमध्ये आला. उरलेल्या दोघांचा मूळ देश आणि जातही वादग्रस्त आहे. या तिघांच्या आधारे ‘वेग अरबी घोड्याकडून आला’ असे विधान जुन्या संदर्भग्रंथांत सर्रास आढळते आणि मराठीतही ते जसेच्या तसे उतरले आहे. मात्र त्या काळच्या प्रतिष्ठेच्या शर्यती चार-चार मैलांच्या असत व एकाच दिवशी त्यांच्या अनेक फेऱ्या होत. तेथे कस लागे तो दमाचा. सेंट लेजर (१७७६), ओक्स (१७७९), डर्बी (१७८०) यांच्याबरोबर अंतरे आखूड होत गेली. न्यूमार्केटचा सहा फर्लांगांचा जुलै कप १८७६ चा आहे. म्हणजे ज्याला आज स्प्रिंट म्हणतो त्या शर्यतीला मान मिळू लागला तो अरबी रक्त मिसळून दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर.

दुसरे मत नरांऐवजी माद्यांकडे पाहते. आयर्लंडचा हॉबी, उत्तरेकडचा गॅलोवे अशी चपळ स्थानिक तट्टे ब्रिटनमध्ये आधीपासून पळवली जात, आणि त्याच घोड्यांच्या माद्या पूर्वेकडील नरांना लावल्या गेल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या जनरल स्टड बुकात (थरोब्रेडच्या वंशनोंदीचे पुस्तक) अशा कित्येक आद्य घोड्या केवळ ‘अमक्याची घोडी’ म्हणून येतात. त्यामुळे वंशावळींवरून हा वाद सुटणे शक्य नव्हते.

२०१० साली एमलिन हिल व सहकाऱ्यांनी स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातील एका बदलाचा शर्यतीच्या अंतराशी असलेला संबंध दाखवला. त्या जागी ‘सी’ किंवा ‘टी’ यांपैकी एक अक्षर असते, आणि प्रत्येक घोड्यात जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही प्रती ‘सी’ असलेले घोडे आखूड पल्ल्यात, ‘सी-टी’ मध्यम पल्ल्यात आणि ‘टी-टी’ लांब पल्ल्यात उजवे ठरतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात संग्रहालयांत जपलेल्या, १७६४ ते १९३० या काळात जन्मलेल्या बारा नामांकित नर घोड्यांचे अवशेष तपासले गेले, तेव्हा ते बाराही ‘टी-टी’ निघाले. ‘सी’ हा प्रकार थरोब्रेडमध्ये बहुधा एकदाच, सु. ३०० वर्षांपूर्वी, ब्रिटनमधील एखाद्या स्थानिक घोडीकडून आला आणि विसाव्या शतकात निअरक्टिक (१९५४–७३) व त्याचा पुत्र नॉर्दर्न डान्सर (१९६१–९०) यांच्या संततीतून जगभर फैलावला, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. तपासलेल्या इतर जातींत ‘सी’चे प्रमाण शेटलंड तट्टांत सर्वाधिक आढळले. पुढे, परिणामाचे खरे कारण हा एकाक्षरी बदल नसून त्याच्याबरोबर वंशात उतरणारा जनुकाच्या आरंभभागातील २२७ अक्षरांचा तुकडा आहे, असे दिसून आले (२०१८). चाचणीची भाषा मात्र सी-टी हीच राहिली आहे. या पुराव्यानंतर स्थानिक घोडीचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. अर्थात जनुक पल्ला सांगते, दर्जा नव्हे. दुय्यम शर्यतींत मागे पडणाऱ्या घोड्यांतही ‘सी-सी’ असतातच.

गोवा व अरबी घोडा : अरबी घोड्याची मागणी आखूड धावेसाठी नव्हती, हे भारतातील त्याच्या व्यापारातही दिसते. पश्चिम किनाऱ्यावर अरबी व इराणी घोडा ज्या बंदरांत उतरे त्यांत गोवा अग्रभागी होता. १४७२ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानने गोवा बहमनी सत्तेखाली आणला, पुढे तो आदिलशाहीकडे आणि १५१० मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. इराणी आखाताच्या तोंडावरील होर्मुझहून येणारी घोड्यांची गलबते गोव्यातच लागावीत, असा पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द अल्बुकर्कचा आग्रह होता. विजयनगर आणि विजापूर या दोन्ही गिऱ्हाइकांची नाडी त्यामुळे हाती येई. सोळाव्या शतकात विजयनगरला राहिलेला पोर्तुगीज व्यापारी फर्नांव नूनिश लिहितो की, तेथील नरसिंह राजा घोडे जिवंत असोत वा मेलेले, हजार परदावांना (तेव्हाचे नाणे) तीन या दराने घेई आणि समुद्रात मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट आणून दाखवले तरी पुरते पैसे मोजी. व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरिची सांगतो तो जकातीचा प्रकारही असाच बोलका आहे : वीस घोडे घेऊन आलेल्या गलबताच्या इतर मालावर जकात माफ, आणि घोड्यांवरची वसुली ते गोव्याबाहेर मुलखात जाताना.

हा व्यापार कधी ओसरला याविषयी मतभेद आहेत. १५६५ च्या तालिकोट येथील लढाईत विजयनगर कोसळले आणि त्याबरोबर व्यापारही संपला, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले असते. परंतु १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात असलेला डच प्रवासी यान व्हान लिन्सखोटेन रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावात अरबी घोडे असल्याचे नमूद करतो. तेव्हा अचानक अंत होण्यापेक्षा हळूहळू उतरती कळा लागली, हे मत ग्राह्य धरावे. या घोड्यांची खरेदी घोडदळासाठी होती आणि त्यांच्याकडून अपेक्षा दिवसभराच्या मजलेची होती, मिनिटभराच्या धावेची नव्हे. अरबी घोड्यांत मुख्यतः ‘टी’ हा प्रकार आढळतो, याच्याशी ते जुळते. डिचोली, सत्तरी, पेडणे भागांत शिगम्याला कमरेला लाकडी घोडा बांधून नाचली जाणारी घोडेमोडणीही लढाईच्याच घोड्याची आहे. तिचा संबंध सत्तरीच्या राण्यांच्या पराक्रमाशी जोडतात.

ब्लॅक कॅव्हियार : विसाव्या-एकविसाव्या शतकांतील स्प्रिंटरांत या ऑस्ट्रेलियन घोडीची कारकीर्द सर्वांत निर्विवाद मानली जाते. तिचा जन्म १८ ऑगस्ट २००६ रोजी व्हिक्टोरिया राज्यात झाला. पिता बेल एस्प्रिट, माता हेल्सिंग. पित्याकडून (रॉयल अकॅडमी, निजिन्स्की) आणि मातेकडून (डेझर्ट सन, ग्रीन डेझर्ट, डॅन्झिग) अशा दोन्ही बाजूंनी तिचा वंश नॉर्दर्न डान्सरला मिळतो. ट्रेनर पीटर मूडी यांनी २००८ च्या मेलबर्न येथील विक्रीत तिला २,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतले. एप्रिल २००९ मध्ये मेलबर्नच्या फ्लेमिंग्टनला पहिली शर्यत जिंकल्यापासून १३ एप्रिल २०१३ रोजी सिडनीतील रँडविकची टी. जे. स्मिथ स्टेक्स जिंकेपर्यंत ती पंचवीस वेळा धावली आणि पंचवीसही वेळा पहिली आली. यांपैकी पंधरा शर्यती गट १ च्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या होत्या. किंग्स्टन टाउन या घोड्याचा चौदा गट-१ विजयांचा ऑस्ट्रेलियन विक्रम तिने मोडला. अपराजित राहण्याचा आकडा एवढ्यापुरता पाहिला तर हंगेरीची किंचेम (१८७० चे दशक, ५४ पैकी ५४) तिच्या पुढे आहे, पण किंचेम सर्व पल्ल्यांवर धावे.

तिचे बहुतेक विजय १,००० व १,२०० मीटरवरचे असून २०१२ च्या ऑर स्टेक्समध्ये तिने १,४०० मी. अंतरही जिंकले. २०११ ची फ्लेमिंग्टनची न्यूमार्केट हँडिकॅप (सरस घोड्याला जादा वजन देणारी शर्यत) तिने ५८ किलो वजन घेऊन जिंकली. फेब्रुवारी २०१३ मध्ये फ्लेमिंग्टनच्या सरळ मार्गावर १,००० मी. अंतर ५५.४२ सेकंदांत कापून तिने १९८८ पासूनचा विक्रम मोडला. तोवर त्या शर्यतीला तिचेच नाव मिळाले होते.

सर्वाधिक चर्चा झाली ती परदेशातील तिच्या एकमेव शर्यतीची. २३ जून २०१२ रोजी इंग्लंडमधील रॉयल ॲस्कटच्या सहा फर्लांगांच्या डायमंड ज्युबिली स्टेक्समध्ये ती आघाडीवर होती. शेवट जवळ येताच शर्यत हाती आली असे समजून जॉकी ल्यूक नोलन यांनी तिला रेटणे थांबवले. तेवढ्यात फ्रान्सची मूनलाइट क्लाउड बाजूने चढून आली. नोलन यांनी पुन्हा जोर लावला आणि ब्लॅक कॅव्हियार डोक्याच्या अंतराने निभावली. टीका जॉकीवर झाली. मात्र नंतरच्या तपासणीत तिचे स्नायू फाटल्याचे आढळले. ॲस्कटचा शेवटचा चढ आणि लांबचा विमानप्रवास हेही जमेस धरता ही चुरस केवळ लगाम सैल सोडल्याने झाली, हे म्हणणे अपुरे ठरते. निवृत्तीनंतर तिला पैदाशीसाठी ठेवले. १७ ऑगस्ट २०२४ रोजी, शिंगराला जन्म दिल्यानंतर झालेल्या खुरांच्या विकारामुळे (लॅमिनायटिस) तिचा अंत झाला.

भारतात : मानाची इंडियन डर्बी २,४०० मीटरची असल्याने पैदास करणाऱ्यांचा कल मध्यम व लांब पल्ल्याकडे राहिला आहे. आखूड पल्ल्यातील प्रमुख शर्यत म्हणजे इन्व्हिटेशन कप या मोठ्या शर्यतीच्या जोडीने आळीपाळीने निरनिराळ्या केंद्रांवर होणारा १,२०० मी.चा स्प्रिंटर्स कप. गोव्यात मान्यताप्राप्त टर्फ क्लब नाही. येथील मराठी शौकिनांना जवळची मैदाने म्हणजे हिवाळी हंगामात मुंबईचे महालक्ष्मी आणि पावसाळ्यात पुणे.