डीएसएलआर चित्रीकरण

स्थिरचित्रांसाठी घडवलेल्या, आत आरसा असलेल्या डीएसएलआर (डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स) कॅमेऱ्याने व्हिडिओ किंवा चित्रपट चित्रित करण्याची पद्धत. खिशात मावणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यांत व्हिडिओची सोय आधीपासून होती. डीएसएलआरमध्ये मात्र आरसा आड येत असे. लेन्समधला प्रकाश आरशावरून व्ह्यूफाइंडरकडे, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीकडे, वळतो आणि बटण दाबल्यावर क्षणभरच सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, पडतो. आरसा वर धरून मागच्या स्क्रीनवर सतत दृश्य दाखवणारा ‘लाइव्ह व्ह्यू’ आला आणि वाट मोकळी झाली.

ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झालेला निकॉन डी९० हा व्हिडिओ टिपणारा पहिला डीएसएलआर. तो ७२०पी (७२० आडव्या ओळींच्या) दर्जाच्या, सेकंदाला २४ फ्रेमच्या, जास्तीत जास्त ५ मिनिटांच्या क्लिप घेई. पुढच्याच महिन्यात कॅनन ५डी मार्क टू आला, १०८०पी घेऊन. ही सोय वृत्तछायाचित्रकारांसाठी होती, पण तिचे सोने केले चित्रपटवाल्यांनी. कारण होते सेन्सरचे आकारमान. त्या काळच्या अनेक व्हिडिओ कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम ५ मिलिमीटर रुंद, तर ५डीचा ३६ मिलिमीटर. त्यामुळे चेहरा रेखीव आणि मागचे सारे धूसर, ही सिनेमाची नजर प्रथमच स्वस्तात मिळाली; अंधारातही चित्र टिके. व्हिन्सेंट लाफोरे यांनी त्याच वर्षी ‘रेव्हरी’ हा लघुपट न्यूयॉर्कच्या रात्रीत चित्रित करून हे दाखवून दिले. २०१० मध्ये ‘हाउस’ या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग ५डीवर, तर मुंबईत घडणारा अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ (२०११) कॅनन ७डीवर चित्रित झाला. शाळकरी मुलांना न बुजवता टिपायला असा लहान कॅमेरा फार सोयीचा.

उणिवाही बऱ्याच होत्या. सेन्सरच्या काही ओळी गाळून चित्र बनत असल्याने बारीक रेघांच्या शर्टावर किंवा कौलांवर रंगीत लाटा उठत. कॅमेरा झपकन फिरवला की विजेचे खांब तिरके होत. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यावा लागे, फोकस हाताने फिरवावा लागे. ५डीवर सुरुवातीला सेकंदाला ३० फ्रेमच मिळत. २४ आणि २५ फ्रेमची सोय मार्च २०१० च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने) दिली.

अनेक मॉडेलांत सलग चित्रीकरण ३० मिनिटांच्या किंचित आत थांबे. याचे कारण तांत्रिक नव्हते: त्याहून जास्त वेळ टिपणारा कॅमेरा युरोपीय संघात व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा आयातशुल्क पडे. पुढे आरसाच नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी ही जागा घेतली. पॅनासॉनिक जीएच१ (२००९) हा त्यांतला सुरुवातीचा.